आसन सोडले, हक्क सोडला नाही

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या धर्मग्रामांत एक जुनी हळहळ पुन्हा जागी होते. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या प्रांगणात जाणती मंडळी घोळका करून उभी राहतात आणि बोलता बोलता विषय तेथेच येऊन ठेपतो. "आपल्या पुढाऱ्यांनी त्या वेळी राखीव जागा सोडल्या नसत्या, तर आज विधानसभेत आपला हक्काचा माणूस असता," असे कोणी तरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. तरुण मंडळी विचारतात, "फादर, हे खरे का? आपल्याला जागा मिळाल्या होत्या का? आणि मिळाल्या होत्या तर त्या सोडल्या कोणी?"

होय, हे खरे आहे. जागा देऊ केल्या होत्या आणि त्या सोडणाऱ्यांत ख्रिस्ती पुढारीच अग्रभागी होते. परंतु ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. आसन सोडताना त्या मंडळींनी दुसरे काय राखले, हे सांगायचे राहून जाते. प्रस्तुत लेखात ती उरलेली अर्धी गोष्ट सांगण्याचा आमचा मानस आहे. राज्यघटना सरकारला कशी बांधून घेते आणि नागरिकाला कसा आधार देते, हे समजून घेण्यास आपल्याच समाजाचा हा इतिहास पुरेसा बोलका आहे.

राजाच्या मर्जीचा काळ

मूलभूत हक्क नव्हते तेव्हा काय होते, हे प्रथम आठवले पाहिजे. तेव्हा राजाची मर्जी होती. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि या किनाऱ्यावर राजाचा धर्म तोच राज्याचा धर्म झाला. देवालये पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंधने आली. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन बसले आणि ते मधल्या अल्पकाळाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत चालले. त्या न्यायासनापुढे माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीला उभे राहण्यास जागा नव्हती. हा इतिहास आमच्याच ख्रिस्तसभेच्या नावावर जमा आहे आणि तो झाकून ठेवून हक्कांची भाषा बोलणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. राज्यकर्ते बदलले, तरी येथला ख्रिस्ती समाज टिकून राहिला. नंतर इंग्रज आले. १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ न करण्याचे अभिवचन दिले.

या तिन्ही राजवटी एकमेकींहून फार वेगळ्या होत्या. परंतु एका बाबतीत त्या सारख्याच होत्या. प्रजेला जे मिळत होते ते वरून मिळत होते. देणाऱ्याचे मन फिरले तर ते काढून घेतले जाई आणि काढून घेतल्यावर दाद मागायला दार नसे. उदार राजा लाभणे हे भाग्य होते. तो हक्क नव्हता.

मर्जी आणि हक्क यांतील भेद पवित्र शास्त्राच्या वाचकाला नवा नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात संत पौलाला चाबकाचे फटके मारण्यासाठी बांधले जाते. तेव्हा तो दयेची याचना करत नाही. चौकशीवाचून रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय, एवढेच तो शताधिपतीला विचारतो आणि उगारलेला हात थांबतो. पंचविसाव्या अध्यायात राज्यपाल फेस्त याच्यापुढे तो थेट कैसराकडे दाद मागतो. पौलाने स्वतःसाठी मरण टाळले नाही. परंतु अन्यायापुढे हक्क गुंडाळून ठेवणे त्याने भक्तीचे लक्षण मानले नाही. मात्र हेही ध्यानात घ्यावे की, त्याच काळातील गुलामाला किंवा साध्या परक्या माणसाला हा प्रश्न विचारता आला नसता. पौलाचा हक्क थोड्यांचा होता. तो सर्वांचा कसा होईल, हा पुढच्या एकोणीस शतकांचा प्रश्न ठरला.

घटना समितीतील ख्रिस्ती

९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत घटना समितीची पहिली बैठक भरली. डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षपदी कलकत्त्याचे ख्रिस्ती प्राध्यापक डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांची निवड झाली. समितीत मंगळुरी वळणाचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा मद्रास प्रांतातून आले होते. त्रावणकोरच्या ॲनी मास्करेन होत्या, राजकुमारी अमृत कौर होत्या, अँग्लो-इंडियन समाजाचे फ्रँक अँथनी होते, आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंग होते. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याक या विषयांसाठी सरदार वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली गेली. तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षपद डॉ. मुखर्जींकडे आले.

या समितीपुढे इंग्रजांच्या काळाचा वारसा होता. १९१९ च्या कायद्याने मद्रास प्रांतात भारतीय ख्रिस्ती लोकांना विभक्त मतदारसंघ मिळाला होता आणि १९३५ च्या कायद्याने ती पद्धत पुढे चालविली. ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. त्या प्रश्नावर खुद्द ख्रिस्ती पुढाऱ्यांत एकमत नव्हते. गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी विभक्त मतदारसंघाला विरोध केला, तर कॅथोलिक समाजाचे ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी त्याची बाजू घेतली.

ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने विभक्त मतदारसंघ रद्द केले. मात्र संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांसाठी जागा राखाव्यात असे ठरले. मसुद्यात मद्रास व मुंबई प्रांतांतील भारतीय ख्रिस्ती लोकांचा तसा उल्लेखही झाला. आपले वडीलधारे ज्या जागांची हळहळ करतात त्या ह्याच.

त्यानंतरच्या दोन वर्षांत देशाने फाळणीचा रक्तपात पाहिला आणि गांधीजींची हत्या पाहिली. धर्माच्या नावाने मते व जागा वाटण्याचे परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीत डॉ. मुखर्जींनी ठराव मांडला की, अनुसूचित जाती सोडून इतर अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळातील राखीव जागा ठेवू नयेत. त्याच महिन्याच्या २५ व २६ तारखांना घटना समितीत त्यावर चर्चा झाली. फादर जेरोम डिसोझांनी पाठिंबा दिला आणि राखीव जागांचा प्रश्न आपल्यापुरता मिटला.

हा केवळ भाबडेपणा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. थोडा हिशेब करून पाहावा. शेकडो सभासदांच्या सभागृहात चार-दोन आसने मिळाली असती. त्या आसनांवर बसणाऱ्यांना बहुमताने लीलया हरविता आले असते. शिवाय "त्यांचे त्यांना दिले आहे" असे म्हणून इतर सभासद आपल्या सुखदुःखातून मोकळे झाले असते. या मंडळींनी ओळखले की, लहान समाजाला संख्येच्या खेळात कधीच जिंकता येणार नाही. त्याला हवी आहे ती अशी जागा, जेथे संख्या मोजलीच जात नाही. ती जागा मूलभूत हक्कांच्या प्रकरणात होती आणि तिच्यासाठी त्यांनी आधीच झुंज दिली होती.

'प्रसार' हा शब्द

६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याचे कलम चर्चेला आले. आज ते पंचविसावे कलम म्हणून ओळखले जाते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार आहे, असा त्याचा आशय आहे. वाद झाला तो 'प्रसार' या शब्दावरून. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला.

त्या दिवशी हा शब्द वाचविणाऱ्यांत पंडित लक्ष्मीकांत मैत्र होते, टी. टी. कृष्णम्माचारी होते आणि कन्हैयालाल मुन्शी होते. कृष्णम्माचारींनी सांगितले की, सुमारे चौदा वर्षे आपण ख्रिस्ती शिक्षणसंस्थांत शिकलो, पण आपला धर्म बदलण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. मुन्शींनी स्मरण दिले की, हा शब्द ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे आणि तो पाळला पाहिजे. आपला हा अधिकार ज्यांनी राखला ते बहुतेक हिंदू होते, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. त्यांतील एकाला तरी ख्रिस्ती शाळेतील गुरुजनांची वागणूक आठवली, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हां धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. आमच्या ख्रिस्तसभेने धार्मिक स्वातंत्र्य हा प्रत्येक मानवाचा त्याच्या प्रतिष्ठेतून उगवलेला हक्क असल्याचे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित केले. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीच अमलात आली होती. म्हणजे या बाबतीत आपला देश परिषदेच्या सुमारे सोळा वर्षे पुढे होता. पवित्र आत्मा केवळ धर्मपीठाच्या भिंतींआडच बोलत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सरकारला घातलेले कुंपण

हक्क कागदावर लिहिले म्हणजे ते मिळतात असे नाही. म्हणून घटनाकारांनी त्यांच्याभोवती एक यंत्रणा उभी केली. तेराव्या कलमाने सांगितले की, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल ठरेल. म्हणजे संसदेने किंवा विधानसभेने कितीही मोठ्या बहुमताने कायदा केला, तरी बहुमत हे त्याचे एकमेव प्रमाणपत्र राहिले नाही. बत्तिसाव्या कलमाने नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार दिला आणि तो अधिकारही मूलभूतच ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कलमाला राज्यघटनेचा आत्मा मानले, ते याचसाठी. दोनशे सव्विसाव्या कलमाने उच्च न्यायालयांनाही तसेच सामर्थ्य दिले.

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. कायद्यावाचून एक पैचाही कर नाही. न्यायाधीश मंत्र्याच्या मर्जीने काढता येत नाहीत. अशा रीतीने सत्तेचे तीन वाटे करून प्रत्येकाला दुसऱ्याचा धाक ठेवला गेला. घटनेत दुरुस्ती करण्याची वाटही ठेवली. पण त्या वाटेने सगळे घरच पाडता येईल काय, असा प्रश्न पुढे आला. केरळातील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या याचिकेवर तेरा न्यायाधीशांनी २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल दिला. संसदेला दुरुस्ती करता येईल, पण घटनेचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही, असे सात विरुद्ध सहा अशा निसटत्या मताधिक्याने ठरले. स्वामींची बाजू मांडणारे नानी पालखीवाला पारशी होते आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले होते. एका हिंदू मठाधिपतीच्या दाव्याने सर्वधर्मीयांच्या हक्कांचा पाया पक्का केला, ही नोंद आपण मनात करून ठेवावी.

देवळालीची शाळा आणि पुढे

या यंत्रणेचा अनुभव आपल्या महाराष्ट्रात लवकरच आला. नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल नावाची अँग्लो-इंडियन परंपरेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. जानेवारी १९५४ मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारने आदेश काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. शाळा चालविणारी संस्था न्यायालयात गेली. तिच्यासोबत पालकही गेले. त्यांत एक भारतीय ख्रिस्ती होते आणि एक गुजराती हिंदू. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीत आणि सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात हा आदेश घटनाबाह्य ठरविला. जो सरकारी आदेश विधानसभेतील चार ख्रिस्ती आमदारांना भाषणे करूनही कदाचित थोपविता आला नसता, तो एक संस्था व दोन पालक यांच्या अर्जाने चार-पाच महिन्यांत रद्द झाला.

१९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. अनुदान हवे असेल तर आपल्या संस्था चालविण्याचा हक्क सोडा, अशी अट अल्पसंख्याकांना घालता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी त्याने आपल्यालाही बजावले की, संस्था चालविण्याच्या हक्कात तिचा कारभार बिघडविण्याचा हक्क येत नाही. १९७४ मध्ये अहमदाबादच्या येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या दाव्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तिसाव्या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. त्या पीठावरील न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी लिहिले की, हे हक्क अल्पसंख्याकांचे लाड करण्यासाठी नसून त्यांना सुरक्षितपणाचा विश्वास देण्यासाठी आहेत. आमच्या शाळांच्या चालकांनी ही दोन्ही वाक्ये कार्यालयात लावून ठेवावीत. हक्क आपला आहे, पण तो गरीब विद्यार्थ्याच्या भल्यासाठी दिलेला आहे. देणगी उकळण्यासाठी नव्हे.

जेथे कुंपण तोकडे पडले

हा इतिहास केवळ विजयाचा नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली आणि हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात गेली. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असे म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन ते दार लावून घेतले. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर काय उपाय? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असे सरकारी बाजूने उत्तर आले. तो एकटा विरोधी मतदार म्हणजे खन्नाच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरविले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल पुसून टाकला. सत्याला एकेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

आमच्या स्वतःच्या पदरीही निराशा आली. मध्य प्रदेश व ओरिसा या राज्यांनी केलेल्या धर्मांतरविषयक कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले गेले होते; त्यांतील मध्य प्रदेशच्या कायद्याला फादर स्टॅनिस्लॉस यांनी आव्हान दिले होते. १७ जानेवारी १९७७ रोजी न्यायालयाने ते कायदे वैध ठरविले आणि 'प्रसार' या शब्दात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. दलित ख्रिस्ती बांधवांची वेदना त्याहून जुनी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहीत. १९८५ मध्ये सूसाई नावाच्या एका चर्मकार ख्रिस्ती माणसाचा दावा फेटाळला गेला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली आणि २०२२ मध्ये सरकारने या प्रश्नासाठी पुन्हा आयोग नेमला. न्याय मागताना मात्र आपण हेही कबूल करू या की, बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघाली असे आपल्या समाजाच्या वागण्यातून सर्वत्र दिसले नाही.

दुसऱ्याचा हक्क, घरातला हक्क

१९८६ या एकाच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल आम्हांस अधिक अंतर्मुख करतात.

पहिला केरळातील तीन भावंडांचा. ती 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची मुले. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु आपल्या श्रद्धेपायी गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. हा पंथ आमच्या श्रद्धेला मान्य नाही. त्याचे प्रचारक दाराशी आले तर आमचे धर्मग्रामस्थ दार लावून घेतात. राष्ट्रगीत तर आम्ही प्रत्येक प्रजासत्ताकदिनी अभिमानाने गातो. तरीही त्या मुलांना मिळालेला न्याय हा आमचाच न्याय होता. जो हक्क आपल्याला न पटणाऱ्या माणसाला मिळत नाही, तो आपल्यालाही खऱ्या अर्थाने मिळालेला नसतो.

दुसरा निकाल मेरी रॉय यांचा. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता बाप वारला, तर मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी समानतेच्या हक्काचा आधार घेऊन याचिका केली. न्यायालयाने समानतेच्या मुद्द्यात न शिरता तो जुना कायदा १९५१ मध्येच संपुष्टात आल्याचे सांगितले आणि १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू केला. लेकीला लेकाइतका वाटा मिळाला. केरळच्या ख्रिस्ती समाजात यावर मोठे वादळ उठले. आपल्या समाजाला हक्क हवे होते. पण त्याच समाजातील लेकीने ते मागितले तेव्हा तो चिडला.

वाचकहो, हे केरळचे प्रकरण म्हणून हातावेगळे करू नका. १९२५ चा तोच कायदा आपल्याही घरांना लागू आहे आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. तरीही वाडी विकण्याची वेळ आली की बहिणींना तलाठ्याच्या नाहीतर वकिलाच्या कचेरीत बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती बिचारी सही करते. त्याच भावाला आम्ही पुढे चर्चच्या प्रांगणात अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी तावातावाने बोलताना पाहतो. सरकारपासून आपले रक्षण करणारी घटना आपल्यापासूनही आपल्या माणसांचे रक्षण करते, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. ते काम आमचे होते आणि त्यात आम्ही धर्मगुरू कमी पडलो.

आसन आणि हक्क

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. राखीव जागा सोडल्या त्यात आपण गमावले काय?

याचे उत्तर देणारी एक घटना अलीकडेच घडली. अँग्लो-इंडियन समाजासाठी फ्रँक अँथनी यांच्या आग्रहाने घटनेत खास तरतूद झाली होती. त्या समाजाचे दोन सभासद राष्ट्रपतींना लोकसभेत नियुक्त करता येत. ही सोय प्रारंभी दहा वर्षांची होती आणि ती वेळोवेळी वाढविली गेली. जानेवारी २०२० मध्ये एकशे चौथ्या घटनादुरुस्तीच्या वेळी ती वाढविली गेली नाही आणि सत्तर वर्षांची ती आसने संपली. त्या समाजाचे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु आसनाचा स्वभावच असा आहे. ते कोणी तरी देतो, मुदतीने देतो आणि मुदत संपली की उचलून नेतो. देवळालीच्या शाळेला ज्या हक्काने न्याय मिळाला, त्या हक्काला मात्र मुदत नाही.

तरी हक्कालाही एक मर्यादा आहे. तो स्वतः चालत जाऊन न्यायालयाचे दार ठोठावीत नाही. त्याला कोणी तरी मागणारा लागतो. एखादी शाळा, एखादा पालक, तीन लहान भावंडे, एखादी लेक. आणि एखादे वेळी सगळे एका बाजूला असताना एकट्याने विरोधी मत लिहिणारा न्यायाधीशही लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. राबविणाऱ्यांत केवळ मंत्री येत नाहीत; आपणही येतो.

फादर जेरोम डिसोझा दिल्लीहून परतल्यावर स्वस्थ बसले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी पुण्यात सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था उभारली. आसन सोडून आलेल्या माणसाला पुढचे काम कोठे आहे हे ठाऊक होते. आपल्या धर्मग्रामांतही ते काम थोडक्यात सुरू करता येईल. दृढीकरणाच्या वर्गात मुलांना दहा आज्ञांबरोबर राज्यघटनेचा सरनामा समजावून द्यावा. मतदारयादीत नाव नसलेल्या वृद्धांचे अर्ज भरून द्यावेत. शेजारच्या पाड्यावरील आदिवासी कुटुंबावर अन्याय झाला तर तो 'त्यांचा' प्रश्न म्हणून सोडू नये. आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी भावाने एकदा तरी स्वतःला विचारावे की, आपण तिच्याकडून काय सोडवून घेत आहोत.

१९४९ साली आपल्या पूर्वसूरींनी आसन सोडले. हक्कसोडपत्रावर मात्र त्यांनी सही केली नव्हती. ती आपण आपल्या मौनाने करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.